कस्तुराबाईंचे रुसलेले पाहुणे

येडशीत कुणाच्याही घरी लग्न ठरलं की आचारी, मंडपवाला यांच्या जोडीनं एक निरोप कस्तुराबाईंकडं जायचाच. "काकू, त्या दिवशी कुठं गावाला जाऊ नका." लग्न म्हटलं की कुणीतरी रुसणार, आणि रुसलेल्याला उठवून पंगतीत आणून बसवावं ते कस्तुराबाईंनीच.

एकदा नवरदेवाचा मामा, फेटा बांधायचा राहून गेला म्हणून, जीपमध्ये जाऊन बसला. माणसं हात जोडून गेली, मामा ढिम्म. मग कस्तुराबाई गेल्या, शेजारच्या सीटवर बसल्या आणि पदरानं वारा घेत म्हणाल्या, "लई बरं केलं मामा. आमच्या लोकास्नी रीतच न्हाय. अन्न तरी कसलं केलंय, वांगं कच्चं, भाताचा गिचका." आपल्याच माणसांना त्या इतकं बोलल्या की मामालाच राहवेना.

"असं नका म्हणू बाई. भात झकास झालाय."

"तुमी कवा खाल्ला?"

मामा अडकला. दोघंही हसत खाली उतरली.

अशा बाईला तक्रारीची भीती ती काय असणार? म्हणून सून शिवकन्या जेव्हा म्हणाली, "आत्या, मागच्या दोन खोल्या रिकाम्याच पडल्यात, रामलिंगाच्या देवळाला नि अभयारण्याला येणाऱ्या लोकांना राहायला देऊ," तेव्हा कस्तुराबाई लगेच तयार झाल्या. शिवकन्येनं खोल्यांना रंग दिला, खिडक्यांना पडदे लावले, फोटो काढून मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये टाकले. कस्तुराबाईंना अ‍ॅप कळलं नाही. पाहुणे येणार, एवढं कळलं.

पहिले आले ते पुण्याचे तीन तरुण. कस्तुराबाईंनी त्यांच्यासाठी शेंगदाण्याची चटणी केली, ज्वारीच्या गरम भाकरी वाढल्या. पोरं 'अप्रतिम, अप्रतिम' करत जेवली. जाताना पाया पडली, त्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटोही काढला. कस्तुराबाई फाटकापर्यंत सोडायला गेल्या.

दोनच दिवसांनी शिवकन्या मोबाईल हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. चेहरा उतरलेला. पाचातले दोनच स्टार दिले होते आणि खाली लिहिलं होतं, 'जेवण चांगलं. पण मोर पहाटेपासून ओरडतात, झोप होत नाही. खोलीला आतून कडी लागत नाही. काकू दार न वाजवता केव्हाही आत येतात.'

"पाया पडले की गं!" कस्तुराबाई एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी आमटीत मीठ पडलं नाही. कस्तुराबाईंचे यजमान आण्णासाहेब मुकाट्यानं जेवले. बायकोच्या मनात काय चाललंय हे ओळखल्यावर बोलायचं नसतं, एवढं त्यांना संसारानं शिकवलं होतं. कस्तुराबाईंना तक्रारीचं काही वाटलं नव्हतं. माणूस तोंडावर गोड बोलून गेला आणि गावाला गेल्यावर रुसला, हे त्यांना खुपत होतं. निघून गेलेल्याची मनधरणी करायची कशी? जीप तर निघून गेली!

"त्याला उत्तर लिहावं लागतं," शिवकन्या संध्याकाळी म्हणाली.

"लिव्ह. मोर आमचे न्हाईत, जंगलाचे हाईत. त्यास्नी गप बसवायचं तर जंगलखात्याला सांगा."

"आत्या!"

"मग काय लिवायचं?"

शिवकन्या जवळ बसली. "त्यातलं खरं किती, ते आधी सांगा."

कस्तुराबाईंनी परातीतलं पीठ उगीचच सारखं केलं. "कडी लागत न्हाय, ते खरं. युवराजला मागंच सांगितलं व्हतं." मग परात बाजूला सारून म्हणाल्या, "आता माझ्याच घरात म्या दार वाजवू व्हय? ल्योक निजला असंल तर आई दार वाजवते का?"

"ते तुमचे लेक नाहीत ना पण. पैसे देऊन राहतात. तेवढ्या दिवसापुरती खोली त्यांची."

हे काही कस्तुराबाईंच्या पटकन गळी उतरलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला, युवराजला, पुढ्यात उभं करून दोन्ही दारांना नव्या कड्या बसवून घेतल्या आणि स्वतः बाहेर उभं राहून दार वाजवून बघितलं. आतून युवराज म्हणाला, "कोण?" कस्तुराबाई म्हणाल्या, "तुझी आई. येऊ का?" आणि त्यांनाच हसू फुटलं.

मग आले नांदेडचे बोधनकर. निवृत्त गृहस्थ आणि त्यांची बायको, विद्युल्लताबाई. गाडीतून पाय खाली ठेवताच बोधनकर सुरू झाले. रस्ता खराब. पाण्याला चव नाही. मोबाईलला रेंज नाही. पंखा आवाज करतो. उशी कडक. शिवकन्येनं उशी बदलली, तर ती मऊ निघाली. बिचारी रडकुंडीला आली.

कस्तुराबाई मात्र खुलल्या. "हा माणूस आपला! तोंडावर रुसतोय. आता बघ."

पदर खोचून त्या अंगणात गेल्या आणि जुनीच युक्ती काढली. "खरं हाय भाऊ. रस्ता लई वंगाळ. पाणी तर विचारूच नका, आमी कसं पितो आमचं आमाला ठावं."

बोधनकर चष्म्यावरून बघत म्हणाले, "मग भाडं कशाचं घेता?"

कस्तुराबाई परत आल्या. असं आजवर कधी झालं नव्हतं. पण हार मानतील तर त्या कसल्या! चहा करता करता त्या खिडकीतून बघत राहिल्या. बोधनकर काहीही बोलले की आधी बायकोकडं बघत होते. आणि ती बाई आल्यापासून अवाक्षर बोलली नव्हती. लग्नात पुष्कळदा असंच असतं. रुसून बसतो एक, आणि दुखलेलं असतं दुसऱ्याचंच.

चहाचा कप घेऊन कस्तुराबाई खोलीपाशी गेल्या. दार वाजवलं. आतून "या" यायला बराच वेळ लागला. विद्युल्लताबाई खाटेच्या कडेला हात टेकून उठायच्या प्रयत्नात होत्या. खाट होती बुटकी, शिवकन्येनं फोटोत छान दिसावी म्हणून हौसेनं घेतलेली. बाई अर्धवट उठत आणि पुन्हा खाली बसत.

कस्तुराबाईंनी कप ठेवला आणि त्यांच्या समोर जमिनीवरच बसकण मारली. "गुडघं व्हय?"

विद्युल्लताबाईंचे डोळे भरले आणि त्या हसल्याही. "ह्यांना म्हटलं होतं, कुणाला सांगायचं नाही. सगळे म्हातारीची कीव करतात. जंगल बघायचं म्हणून हट्टानं मीच आणलं त्यांना."

"म्हनून ते पंख्यावर घसरतेत!" कस्तुराबाई म्हणाल्या. "माझं बी तसंच हाय बघा. सकाळी उठताना धा देव आठवतेत."

दोघी गुडघ्यांवर इतक्या बोलल्या, की बाहेर बोधनकर येरझाऱ्या घालून दमले.

मग हालचाली झाल्या. आण्णासाहेबांचा उंच लोखंडी पलंग विद्युल्लताबाईंच्या खोलीत गेला आणि ती देखणी बुटकी खाट आण्णासाहेबांच्या वाट्याला आली. संडासात धरायला युवराजनं भिंतीत पाईप ठोकून दिला. दुसऱ्या सकाळी त्यानं ओळखीची जीप बोलावली आणि जंगलाच्या कडेनं, उतरावंच लागणार नाही अशा रस्त्यानं दोघांना फिरवून आणलं. विद्युल्लताबाईंना हरणांचा कळप दिसला. परत आल्यावर त्यांनी हातवारे करून करून सगळं सांगितलं, आणि बोधनकर नुसते त्यांच्याकडं बघत राहिले. पाण्याला चव नाही हे ते जाईपर्यंत म्हणत होते, पण भाकरी मात्र मागून घेतली.

त्यांनी चार स्टार दिले. एक रेंजसाठी कापला.

"रेंज काय म्या चुलीवर करू?" कस्तुराबाई कडाडल्या, पण शिवकन्येकडून ते चार स्टार पुन्हा पुन्हा वाचून घेतले. आण्णासाहेबांनी फक्त विचारलं, "माझा पलंग?" पलंग खोलीतच राहिला. त्यांच्यासाठी दुसरा आणावा लागला.

तेव्हापासून घरात कामाची वाटणी झाली. लिहून आलेल्या तक्रारी शिवकन्येच्या, तोंडी कस्तुराबाईंच्या. दुसऱ्या चहाच्या वेळी त्या पाहुण्यापाशी बसतात आणि सरळ विचारतात, "काय खुपतंय ते आत्ताच सांगा. घरी जाऊन रुसायचं न्हाय."

परवा हैदराबादहून एक मुलगी आली होती. पक्ष्यांचे फोटो काढणारी, हसरी. निघताना म्हणाली, "आजी, सगळं एकदम मस्त होतं."

कस्तुराबाई फाटकात आडव्या उभ्या. "सगळं?"

"हो, अगदी सगळं."

"आत्या, जाऊ द्या त्यांना, गाडी चुकेल," शिवकन्या मागून म्हणाली.

"थांब गं. काहीतरी असंलच."

मुलगी सॅकचा पट्टा सावरत थोडी घुटमळली. "म्हणजे... आंघोळीचं पाणी जरा कमी गरम होतं. थोडंसंच."

कस्तुराबाईंचा चेहरा उजळला. "तरी म्हनलं!" म्हणत त्यांनी फाटक उघडलं, आणि तिकडूनच युवराजला हाक मारली.