शेवटचा गडी

विद्यापीठाच्या कबड्डीच्या क्रीडागृहावर 'सरवटे कुटुंबीय' अशी पितळी अक्षरं आहेत. कुटुंबात आता अण्णाच उरलेत; बायको, मुलगा, सून एकाच अपघातात गेली.

काल सामन्यात एका संघाचे सहा गडी बाद होऊन रेषेबाहेर बसले होते. आत एकटाच उरलेला. "सांभाळ रे!" आम्ही ओरडत होतो. शेजारी अण्णा पुटपुटत होते, "बाद हो रे बाबा, लवकर बाद हो."

तो पकडला गेला. लोण चढला आणि नियमाप्रमाणे सातही जण पुन्हा मैदानात उतरले. हा नियम कुणी केला असेल? सगळं हरलेल्याला सगळी माणसं परत देणारा!

अण्णांनी माझं मनगट घट्ट धरलं. "आमच्यात मी एकटाच आत राहिलोय हो."