जिभेखालचा खडा

छडीच्या टोकानं त्यानं माझी हनुवटी वर केली. तो वरच्या पायरीवर. मी खाली, उन्हात.

"कुठं आहे गाठ?"

मी उजव्या जबड्याखालची जागा दाखवली. जागा सपाट होती. त्यानं छडी तिथं टेकवली, जरा रुतवली आणि ओट्यावर बसलेल्या मंडळींकडं पाहून हसला.

"ढोंग आहे. कामाचा कंटाळा, दुसरं काय!"

मग छडी बादलीत बुडवून धुतली. ढोंगाचाही विटाळ होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तो अकोल्याच्या जुन्या शहरातला नावाजलेला डॉक्टर. मी महारवाड्यातली, सरकी काढायच्या जीन कारखान्यात कापसाची ओझी वाहणारी. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, राज्य इंग्रजांचं होतं. पण त्या पायरीवर राज्य कोणाचं होतं, ते मला विचारा.

माझं दुखणं असं. भाकरीचा तुकडा तोंडात घातला की जबड्याखाली गाठ यायची. बघता बघता लिंबाएवढी. आंबाडीची आंबट भाजी असली तर विचारूच नका, नुसत्या वासानं जबडा ठणकायचा. तास-दोन तासांनी गाठ आपोआप बसायची. पुन्हा घास घेतला की पुन्हा तेच. न खावं तर भुकेनं जीव जातो, खावं तर दुखण्यानं. शेवटी मी भाकर पाहूनच रडायला लागले.

माय म्हणाली, गंडमाळ आहे. तिनं बिब्बा तापवून लावला. कातडी गेली, गाठ राहिली. मायवर माझा राग नाही. तिला जे येत होतं ते तिनं केलं, आणि हात लावून केलं.

डॉक्टरकडं आमच्या लोकांची पाळी सगळ्यांत शेवटी. सकाळी जाऊन उभं राहायचं. आधी ओट्यावरचे, मग पायरीवरचे, मग आम्ही. तोवर दुपार टळायची. पोटात अन्न नाही. अन्न नाही म्हणून गाठ नाही. मी पाच वेळा गेले आणि पाचही वेळा खोटी ठरले. गाठ कधी येते, एवढं त्यानं एकदाही विचारलं नाही. मीच एकदा धीर करून म्हणाले, "सायेब, खाल्लं का फुगते."

"मग कमी खात जा."

सगळे हसले. त्यांच्याबरोबर मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मग ताप यायला लागला. जिभेखालून खारट पू येई. जीभ उचलत नव्हती. भरल्या ताटासमोर आपण उपाशी मरणार, हे मला दिसत होतं. एक दिवस जीव नको झाला म्हणून मी स्वतःच जिभेखाली बोट घातलं. काहीतरी कडक लागलं. डाळीतला खडा दाताखाली यावा, तसं. पण हा आतून रुतलेला होता.

सहाव्यांदा गेले तेव्हा फडक्यात भाकर आणि आंबाडीची भाजी बांधून नेली. माझी पाळी आली. मी त्याच्या खालच्या पायरीवर बसले, फडकं सोडलं आणि खायला लागले.

"अगं ए! ऊठ तिथून! पायरी बाटवलीस!" ओट्यावरची मंडळी ओरडली.

मी खात राहिले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. प्रत्येक घासाला जबडा फाटत होता. आणि गाठ आली. सगळ्यांच्या देखत आली. आता कोणी हसलं नाही.

"पाहा, सायेब. हे ढोंग हाय का? जिभेखाली खडा हाय. बोट घालून पाहा."

त्याचा चेहरा बदलला. शिकलेला माणूस, त्याला त्याच क्षणी कळलं. कळलं, म्हणूनच त्याला माफी नाही. कळलं नसतं तर मी त्याला मूर्ख म्हणून सोडून दिलं असतं.

"तुझ्या तोंडात बोट घालू?" तो हळू आवाजात म्हणाला. "तुझी थुंकी लागेल मला. तूच घाल आणि काय लागतं ते सांग."

"म्या घातलं. म्या सांगतलं. आता तुमी घाला."

तो आत गेला. थोड्या वेळानं वरून औषधाची पुडी पडली, धुळीत. अशा पाच पुड्या मी तोवर वाकून उचलल्या होत्या. ही उचलली नाही.

माय आणि मी बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला गेलो. तिथल्या दवाखान्यात एक डॉक्टरीण होती. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "जेवताना फुगते का?" मी हो म्हणायच्या आधी रडले. तिनं हात धुतले. एक बोट माझ्या जिभेखाली घातलं, दुसऱ्या हातानं जबडा खालून दाबला आणि दोन्हींच्या मध्ये खडा धरला. एवढंच. चुलीवर चहा उकळायलाही याहून जास्त वेळ लागतो.

"ही लाळेची गाठ," ती म्हणाली. "लाळेच्या वाटेत खडा अडकलाय. खाताना लाळ सुटते, वाट मिळत नाही, म्हणून फुगते. लवकर आली असतीस तर जिभेखालून नुसता खडा काढला असता. आता गाठ सडली आहे. सगळी कापावी लागेल, आणि ओठाची शीर वाचेलच असं नाही. इतके दिवस थांबलीस कशाला?"

"मी थांबली नव्हती, बाई. मले उभं ठेवलं होतं."

तिनं माझं नाव भरतीच्या वहीत लिहिलं.

गाठ गेली. शीरही गेली. मी बोलले की तोंड वाकडं होतं, पाणी प्यायले की ओघळतं. आता पोटभर जेवते. पण जेवताना रोज तो आठवतो, आणि घास कडू होतो तो होतोच.

वस्तीतल्या बायका म्हणतात, तोंडावर पदर घेत जा. मी घेत नाही. वस्तीत कोणी आजारी पडलं की मी त्याला घेऊन त्याच डॉक्टरकडं जाते. पायऱ्या चढते. सगळ्या. ओट्यावर उभी राहते. तो माझं वाकडं तोंड ओळखतो.

"खाली उतर," तो म्हणतो.

"पयले याले हात लावा."

हात लागेपर्यंत मी हलत नाही. नंतर त्याला आंघोळ करायची तर खुशाल करू दे. रोज करू दे. आधी हात.