चाळणीवर काय राहिलं?

आमच्या घरी पोळीत रेती कचकचायची. बाबा आमच्या हिंदीभाषक शहरातल्या मुरार भागात एका ठेकेदाराकडे बांधकामाची रेती चाळायचे. केसांत, कानांत, खिशांत भरून ती घरी यायची. आई पीठ कितीही झाकून ठेवो, दाताखाली एखादा कण यायचाच. "खा निमूट, ह्याच रेतीवर तुझं शिक्षण चाललंय," आई म्हणायची. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी आजही मान वर करूनच सांगते.

एम.एस्सी. झाल्यावर सिटी सेंटरमधल्या एका छोट्या ऑफिसात लागले. तिथले प्रमुख करंदीकर सर. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे कागदावर मूठभर रेती ओतली आणि विचारलं, "बेटा, हिचं माहेर कुठलं?" मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण तेच तर आमचं काम होतं. इमारतीला लागणारी रेती, दगड, लाकूड कुठल्या नदीतून, खाणीतून, जंगलातून आलं आणि ते उचलताना तिथल्या जीवांचं काय झालं, हे शोधून बांधणाऱ्याला अहवाल द्यायचा.

बाकीचे लोक आधी मालासोबत आलेल्या पर्च्या तपासायचे, सर थेट चाळणीकडे जायचे. सत्तरीला टेकलेला माणूस, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, आणि चाळणीवर उरलेल्या कचऱ्यासमोर उकिडवा बसलेला. खडे, मुळं, शिंपले बोटानं वेगळे करून भिंगातून बघायचे. "खाली पडते ती रेती सगळी सारखीच दिसते. वर काय राहिलं ते बघ." ट्रकवाले हसायचे, "पंडितजी, सोना मिला क्या?"

"मिलेगा तो आधा तुम्हारा," सर मान वर न करता म्हणायचे.

मग एका शाळेच्या इमारतीचं काम आलं. माझा पहिला स्वतंत्र अहवाल. रेती पुरवणारा नेमका बाबांचा ठेकेदार. पर्चीवर आमच्या जवळच्या सिंध नदीचा, रेती काढायला मंजूर असलेला घाट, खाली शिक्का, सगळं चोख. मी चाळणीकडे गेलेच नाही. खरं सांगायचं तर चाळणीमागे बाबा उभे असायचे, म्हणून गेले नाही. 'हरकत नाही' असं लिहून कागद सरांपुढे ठेवला.

"चाळणीवर काय राहिलं होतं?"

"सर, पर्ची तो बिलकुल सही है ना!"

ते रागावले नाहीत. चपला घातल्या आणि म्हणाले, "चल."

मुरारला सर बाबांच्या चाळणीपाशी उकिडवे बसले. "जाधवराव, मुलगी हुशार आहे तुमची. पण रेती तुम्ही जास्त पाहिलीय. काय राहतं हो वर?"

बाबांना कुणी जाधवराव म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. तिथे ते नुसते 'ए मराठे' होते. बाबा माझ्याकडे बघत राहिले. बोलले तर काम जाणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मग त्यांनी खिशातली तंबाखूची डबी उघडली आणि नखाएवढी पांढरी टरफलं माझ्या तळहातावर ठेवली.

"माल चंबळचा आहे, साहेब. ही फेकवली नाहीत. किसी के बच्चे थे."

ती सुसरीच्या अंड्यांची टरफलं होती. सुसर, आमच्याकडचा घडियाल, चंबळच्या काठच्या रेतीतच अंडी घालते. म्हणून तर तिथली रेती उचलायला बंदी आहे. काठ उपसला की अंडी ट्रकात चढतात.

परतताना सर म्हणाले, "अहवाल तुझा आहे. काय लिहायचं ते तू ठरव."

"आणि बाबांचं?"

"ते मी बघतो."

मी चंबळ लिहिलं. शाळेनं सगळी रेती परत पाठवली आणि त्याच आठवड्यात ठेकेदारानं बाबांना काढलं. दुसऱ्या दिवशी सर आमच्या दारात उभे. आईनं पोळी वाढली, तीही कचकचली. "वा, हिचं माहेर ओळखीचं दिसतंय!" म्हणत त्यांनी दुसरी मागून घेतली. मग बाबांना सोबत घेऊन ऑफिसात आले आणि सगळ्यांना म्हणाले, "आजपासून नमुने जाधवराव चाळतील. मी त्यांच्या हाताखाली."

आणि खरंच, जाईपर्यंत ते बाबांच्या शेजारी उकिडवे बसत राहिले. गेल्या हिवाळ्यात सर गेले. त्यांचं भिंग त्यांच्या पत्नीनं बाबांना आणून दिलं.

ती शाळा आता भरते. तिच्या भिंतींत रेतीऐवजी दगडाचा चुरा आहे, चंबळची रेती मूठभरही नाही. त्या चुऱ्याच्या अहवालावर खाली दोन सह्या आहेत: एक माझी, एक बाबांची.