वर उचललेलं सूप

मळ्यावरच्या ट्रॅक्टरला पुढून लोखंडाचं मोठं सूप बसवून आणलं, तेव्हा ते चालवायला आमचे हेच शिकले. मळा एका बागायतदारांचा होता, त्यांना सगळे दादा म्हणत. सुपाचं खरं नाव काही वेगळं होतं, पण मळ्यावर सूपच म्हणायचे. दहा माणसांनी दिवसभर पाट्यांनी वाहावं एवढं शेणखत ते दुपारपर्यंत गाड्यांत भरायचं.

शिकवायला आलेला मिस्त्री चारच दिवस राहिला. त्यानं सांगितलेलं डोक्यात राहावं म्हणून हे घरी आले की मला सांगत. एकदा यांनी भिंतीवरचं सूप काढलं, त्यात जोंधळे भरले आणि माझ्या हातात दिलं.

"हात लांब करून चाल."

चालले, तर तोल पुढं गेला.

"आता खाली, पोटाशी धर." मग नीट चालता आलं.

"गाडीचंबी तसंच हाय. भरलं सूप वर धरून पळवलं की ती तोंडावर येती." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि वर उचललेल्या सुपाखाली कुणी थांबायचं न्हाय. ते तेलाच्या जोरावर वर ऱ्हातंय. आपल्या गाडीचं तेल झिरपतंय. इंजिन बंद झालं की सूप हळूहळू उतरतंय, कळतबी न्हाय."

"दादांना सांगितलंसा?"

"सांगितलं की. हसले. म्हणाले, लोखंड काय इरघळतंय व्हय."

तेव्हापासून मला धास्ती बसली. हे कामावर गेले की मनात सूपच उतरत राहायचं.

खंडेनवमीला मळ्यावर कुळव, नांगर, मोट सगळ्यांची पूजा असे. त्या वर्षी ट्रॅक्टरचा पहिला मान होता. यांना नारळ आणायला वाड्याकडं पाठवलं होतं. दादांचे जावई सणाला आले होते. त्यांनी हौसेनं ट्रॅक्टर चालू केला आणि सूप पुरुषभर वर नेलं. त्याच्या काठाला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. सुपाखाली रांगोळी घातली, पाट मांडला आणि त्यावर दादांच्या आई बसल्या. त्यांचे गुडघे धरलेले, बसल्यावर कुणीतरी उठवावं लागे. ओवाळायचं ताट त्यांच्या मांडीवर होतं. इंजिनच्या हादऱ्यानं निरांजन विझायला लागलं, म्हणून जावयांनी इंजिन बंद केलं.

मी बायकांच्या मागं, गोठ्याच्या मेढीला टेकून उभी होते. तोरणाचं मधलं पान ट्रॅक्टरच्या दिव्याच्या वर होतं. भटजींचे मंत्र चालू होते. थोड्या वेळानं पान दिव्याच्या मधोमध आलं. वाटलं, वाऱ्यानं हललं असेल. पण वारा नव्हता. यांची वाट बघितली, रस्त्यावर कुणी दिसेना. एवढ्या पुरुषांत मी बोलायचं कसं? ड्रायव्हरच्या बायकोनं पूजेत खोडा घातला म्हटल्यावर यांचं काम राहील का?

पान दिव्याच्या खाली गेलं.

मी बायकांतून वाट काढत गेले, आईसाबांच्या काखेत हात घातले आणि त्यांना मागं ओढलं. ताट पडलं, निरांजन विझलं. भटजी थांबले.

"अगं ए, मारतीस काय मला?" आईसाब ओरडल्या.

जावई म्हणाले, "ड्रायव्हरीणबाईच्या अंगात आलं वाटतं." दोघं-तिघं हसले.

दादा हसले नाहीत. ते माझ्याकडं चालत आले. मी नुसतं बोट दाखवलं. सगळे तिकडं बघू लागले. तोरण आता कमरेइतकं खाली आलं होतं. तिथवर हळूहळू आलेलं सूप तिथून एकदम खाली बसलं. पाटाचे दोन तुकडे झाले.

हे नारळ घेऊन आले ते त्याच वेळी. यांनी पाट बघितला, मग एकेक माणूस बघितलं, शेवटी मला.

आईसाब मातीतच बसून होत्या. म्हणाल्या, "ये बाबा. फोड तो नारळ. आता आणि खाली कुठं येतंय."

घरी जाताना मी यांच्या मागून चालत होते. बांधाशी थांबून यांनी विचारलं, "तू सांगितलंस सगळ्यांना?"

"न्हाय," मी म्हटलं. "नुसतं ओढलं."