उताराकडे तोंड केलेली पावलं

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. भुतांचाही माझ्यावर नसावा... कारण हॉर्नबी उपनगरातल्या आमच्या मराठी ग्रुपमध्ये मी नामांकित थापाड्या आहे. मी एकदा पकडलेला मासा दर गणपतीला हातभर वाढतो. पण हे बिनमसाल्याचं सांगतोय. मसाला लावायला अंगात त्राणच उरलेलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात आर्थर्स पास या खिंडीच्या वरच्या एका डोंगरावर आम्ही दोघं गेलो — मी आणि माझे दाजी. ताईचे दिवस भरत आलेले. तिने वेलिंग्टनहून फोनवर मला दम भरला होता, "यांना धड परत आण. नाहीतर तूही तिकडेच राहा."

इकडे ऑक्टोबरात वसंत असतो, आणि वसंतातला बर्फ पहाटे सिमेंट असतो आणि दुपारी साबुदाण्याची खीर. म्हणून अंधारात निघायचं, उन्हं तापायच्या आत उतरायचं. पण आमची सह्याद्रीतली खोड! हटमध्ये, म्हणजे गिर्यारोहकांच्या मुक्कामाच्या खोपटात, दाजींनी आल्याचा चहा उकळला, मग कांदेपोहे, मग पुन्हा चहा.

"अरे, डोंगर काय पळून जातोय?"

डोंगर नाही पळाला, सकाळ पळाली.

शिखर राहिलंच. डोंगराच्या खांद्यापाशी पोचेपर्यंत ढग उतरला आणि आम्ही मागे फिरलो. बर्फ गुडघ्यापर्यंत गिळत होता. एकेक पाय विहिरीतून पोहरा ओढावा तसा उपसायचा. ढग तर असा, की हात पुढे केला तर बोटं दिसेनात. बरं, बोटं दिसत होती... नखं नव्हती.

दाजी मटकन खाली बसले. "तू हो पुढे. माझं संपलं."

"वा! आणि ताईला काय सांगू? चहा नडला म्हणून? उठा."

तेवढ्यात पावलं दिसली. आमचीच, सकाळची! सरळ खाली जाणारी रांग. गंमत म्हणजे, त्या खळग्यांत पाय ठेवला की रुतत नव्हता. भोवती सगळी खीर, आणि तेवढंच कडक. मी खूश. इकडच्या भाषेत 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे झकास, म्हणून चालत सुटलो.

बऱ्याच वेळाने दाजी मागून म्हणाले, "थांब. सकाळी आपण वर येत होतो ना?"

"मग?"

"मग ही पावलं खाली का जातायत?"

मी वाकून पाहिलं. टाचा डोंगराकडे, चवडे दरीकडे. हटमध्ये आम्हा दोघांखेरीज कुणी नव्हतं, आणि रात्री ताजा बर्फ पडला होता.

तेव्हाच डावीकडे आवाज झाला — खडीचा ट्रक रिकामा करतात ना, तसा, पण संपेचना. ढग क्षणभर फाटला. सकाळी ज्या घळीतून आम्ही चढलो, आणि ज्या घळीतून उतरणार होतो, ती कोसळलेल्या बर्फाने काठोकाठ भरली होती.

मग दाजी हळूच म्हणाले, "चल. जिथे नेतायत तिथे."

गेलो. पाय नुसते पडत होते. खाली सपाटी लागली, आणि तिथे उघड्या बर्फाच्या मधोमध पावलं संपली. पुढे नाही, बाजूला नाही, परत फिरलेली नाहीत. कोरी चादर.

कोण होतं, मला ठाऊक नाही. इतक्या वेळा विचार केलाय की आता त्याचाही थकवा येतो. ताईला तिचा नवरा धड मिळाला, पुढे झालेल्या मुलीला बाप मिळाला. त्या सपाटीपासून हटपर्यंत मात्र आम्ही गुडघा-गुडघा बर्फ तुडवत गेलो... तेवढी वाट आमची, आणि तेवढीच मला समजावून सांगता येते.