झाकणावरचं नाव

आमच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवायचं काम काकांचं. सव्वीस वर्षं. सुट्टीच्या दिवशीही सकाळी येऊन पेशींचं गुलाबी खाद्य बदलायचे. काकू म्हणायच्या, "घरातही माणसं आहेत म्हणावं, त्यांनाही भूक लागते." नव्या माणसाला त्यांचा पहिला धडा एकच: नाव डिशच्या बुडाला लिहायचं, झाकणं बदलतात. मी एकदा झाकणावर लिहिलं, तर चारचौघांत माझी खरडपट्टी काढली होती.

तेव्हा आम्ही एका विषाणूच्या प्रथिनामागे हात धुऊन लागलो होतो. हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात घुसतं आणि धोक्याची बोंब ठोकणाऱ्या जनुकांचं तोंड दाबतं. घरात चोर शिरल्याचा पेशीला पत्ताच लागत नाही. पण त्या खेपेला प्रथिनाच्या डिशमध्ये तीच जनुकं जोरात चालू दिसली आणि प्रथिन नसलेल्या साध्या डिशमध्ये गप्प. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम हरखल्या. "सगळ्या जगाच्या उलट आलंय!" परिषदेसाठी गोषवाराही लिहून झाला.

पाठवायच्या आदल्या दिवशी काका वापरलेल्या डिश पिशवीत भरताना थबकले. बुडं कोरी होती. नावं झाकणांवर, त्यांच्याच अक्षरात. वर्षभर त्यांचा हात थरथरत होता. बुडाला बारीक लिहिणं जमेना, म्हणून झाकणावर ठळक लिहिलेलं. पुढच्याच महिन्यात त्यांच्या कराराची मुदत संपत होती. गप्प बसले असते, तर कुणाला काही कळलं नसतं.

"झाकणांची अदलाबदल झाली असणार," ते मॅडमना म्हणाले. "चूक माझी."

मी शेजारीच उभी होते.

मॅडमनी गोषवारा बाजूला सारला. "हात कधीपासून थरथरतोय, काका?" एवढंच विचारलं.

प्रयोग पुन्हा केला. प्रथिनाच्या डिशमधली जनुकं निमूट गप्प बसली आणि मॅडमचा शोध तिथेच संपला. काकांची मुदत वाढली नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी आपलं पेन माझ्या हातात दिलं. "बुडाला लिही हं, बाळा. माझ्यासारखं करू नकोस."

मी मान डोलावली. मला माझीच शिसारी आली. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी दोन्ही झाकणं काढून टेबलावर मीच ठेवली होती, आणि कुठलं कशावर परत लावलं, ते बघितलंही नव्हतं. काकांना हे मी अजून सांगितलेलं नाही.