बांगड्यांची जागा

देवाने कामाचे कान दोनच बनवले आणि ते दोन्ही आपल्याला दिले, अशी जळगावच्या आमच्या घरमालकांची ठाम समजूत होती. सगळे त्यांना नाना म्हणत. रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षाचा आजार ते घरात बसून सांगत. माझ्या खोलीतला पंखा बेसूर फिरतो म्हणून त्यांनी तो भर मे महिन्यात उतरवून नेला. बंद पडलेल्या तंबू-टॉकीजचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी धुळ्याहून एसटीतून मांडीवर घेऊन आणला होता आणि कौतुकाने त्याचं अर्धं तिकीटही काढलं होतं.

टेप आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये एकच साधा व्हॉल्यूम कंट्रोल, बाकी काही नको, हा त्यांचा हट्ट. बास-ट्रेबलची बटणं म्हणजे शिळ्या भाजीवरचा मसाला. पण तो कंट्रोल काही जुळेना. "मोठ्या रेझिस्टन्सचा लावला की बारीक आवाज गुदमरतो, लहान लावला की टेप दमतो," ते मला समजावत. लांब वायरीत बारीक आवाज मरतो म्हणून ती त्यांनी इतकी तोडली, की टेप अ‍ॅम्प्लिफायरच्या तापल्या डब्याला टेकला आणि त्याचं प्लास्टिक वितळायला लागलं.

हा सगळा खटाटोप एका कॅसेटसाठी होता. एका वर्षी श्रावणात, कानबाई देवीच्या जागरणाच्या रात्री त्यांच्या पत्नीने, म्हणजे अक्कांनी, म्हटलेली गाणी नानांनी टेप केली होती. गाता गाता अक्कांच्या बांगड्या किणकिणल्या होत्या. त्या बांगड्या आता नानांना ऐकू येत नव्हत्या. कंट्रोलमागून कंट्रोल बदलून ते रडकुंडीला आले. मला मात्र त्या प्रत्येक वेळी स्वच्छ ऐकू येत आणि मी गोंधळून जाई.

एका रविवारी ते असेच वायर जोडत बसले होते. अक्का चहा घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या. हातभर बांगड्या वाजल्या, तरी नानांनी मान वळवली नाही.

"डबा बठ्ठा चांगला शे, भाऊ," त्या मला म्हणाल्या. "त्यासना कान गयात."

कान गेले होते ते बारीक आवाजापुरते, हे मला तेव्हा उमगलं. अक्कांनी कप खाली ठेवला आणि नानांच्या कानाशी मनगट हलवलं. हलणाऱ्या बांगड्यांकडे नाना नुसते बघत राहिले. मग त्यांनी हातातलं सोल्डरिंग आयर्न बंद केलं.

"म्हणजे डबा चांगला आहे," ते म्हणाले.

त्यानंतर दुरुस्ती थांबली. माझा पंखाही परत आला, आणि तो आला याचं मला फार वाईट वाटलं. ती कॅसेट मात्र लागायची. नाना डोळे मिटून बसत, शेजारी अक्का. बांगड्यांची जागा आली की अक्का त्यांच्या हातावर आपला हात ठेवत.